'साय' : अज्ञाताची खूण की शक्तीचे नाव?

गूढ मनःशक्तींवरील पुस्तकांत 'साय' हा शब्द हटकून भेटतो. अमक्याच्या अंगी 'साय-शक्ती' आहे, असे इतक्या सहज लिहिलेले असते की जणू ती चुंबकशक्तीसारखी मोजून झाली आहे. शब्दाचा जन्म पाहिला की आमचा आक्षेप ध्यानात येईल.

'साय' हे ग्रीक वर्णमालेतील तेविसावे अक्षर; मन, आत्मा या अर्थाच्या 'सायकी' शब्दाचे आद्याक्षर. त्याआधीची नावे गृहीतके पोटात घेऊनच आली होती. फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ साली 'टेलिपथी' हा शब्द घडवला. 'टेलि' म्हणजे दूर, 'पॅथॉस' म्हणजे भावना. तारायंत्र तेव्हा रुळले होते, टेलिफोन नुकताच आला होता. मनामनांतही तशी काही तार असावी, हे नावानेच सुचवून टाकले. अमेरिकेत र्‍हाइन यांच्या १९३४ च्या पुस्तकाने 'अतींद्रिय संवेदन' ही संज्ञा रूढ केली. तिच्यात तर निष्कर्षच आधी! म्हणून बर्टोल्ड वीझ्नर यांनी नुसते अक्षर सुचवले आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९४२ साली ते लेखात वापरले. बीजगणितात आपण 'क्ष' मानतो, तसे.

हेतू चांगला होता. पण 'क्ष' मानला म्हणून समीकरणाला उकल असतेच असे नाही. र्‍हाइन यांच्या प्रयोगांत पाच चिन्हांची २५ पत्ते असलेली गड्डी असे. निव्वळ अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. चाळीस मुलांच्या वर्गात हा खेळ घेतला, तर केवळ योगायोगाने सुमारे दोघांची नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येतील. त्या दोघांना 'साय' आहे म्हणायचे का? त्यांचीच पुन्हा चाचणी घ्यावी, पत्त्यांची पाठ पारदर्शक नाही ना तेही पाहावे. योगायोग, नजरचूक, नोंदीतला घोळ हे सारे वगळल्याशिवाय 'क्ष' ची किंमत शून्य नाही, असे कसे म्हणणार?

मराठीत 'साय' साठी सर्रास 'सिद्धी' लिहितात, तेही आम्हांला पटत नाही. 'सिध्' या धातूत साध्य होण्याचा अर्थ आहे. सिद्धी साधनेने मिळते, अशी परंपरेची धारणा. योगसूत्रे तर अशा शक्तींना समाधीतला अडथळा मानतात. प्रयोगातल्या अनाम अक्षराशी तिचे नाते कसले?

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आणखी एक सांगायला हवे. श्रोडिंगर यांनी १९२६ साली तरंगफलनासाठी वापरलेले अक्षरही हेच. अक्षर एक आहे, एवढेच. पुंजभौतिकीतल्या 'साय' चा मनकवडेपणाशी काहीही संबंध नाही.