थरथरणारे यान, टांगलेला आरसा

मेक्सिकोतील स्क्वाड कंपनीचा 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा संगणकावरील खेळ २०१५ साली पूर्ण रूपात बाजारात आला. यान स्वतः जुळवायचे आणि उडवायचे. गतीचे नियम शिकवताना तो मुलांना जरूर दाखवावा. त्यातील स्वयंचलित स्थिरीकरण मात्र पारखून घ्यावे.

ते बंद ठेवून यानाला हलका झटका द्या. यान फिरतच राहते, थांबवणारे कोणी नसते. फळ्यावर ही गोष्ट इतकी पटत नाही. स्थिरीकरण चालू केले की दिशेतील चूक मोजून यंत्रणा उलट जोर लावते. यान लांब आणि सांधे लवचीक असतील तर पंचाईत होते. दिशा मोजली जाते शेंड्याकडे, जोर लागतो बुडाच्या इंजिनातून, मधले धड वाकते. दुरुस्ती उशिरा पोचते आणि डोलणे उलट वाढते. नवखे याला खेळाचा दोष म्हणतात. आमच्या मते हाच त्यातील सर्वांत खरा भाग आहे. खऱ्या रॉकेटच्या अभियंत्यांनाही हे वाकणे हिशेबात धरावे लागते.

खरा दोष चक्रांत आहे. यानातील चाक एकीकडे फिरवले की यान दुसरीकडे वळते. मंगळयानात अशी चार चक्रे होती. त्यांचा वेग मर्यादेजवळ गेला की तो उतरवण्याचे काम आठ छोट्या थ्रस्टरकडे, म्हणजे इंधन खर्चून. खेळातील चक्रांना मर्यादाच नाही, वीज असली की झाले. शिवाय काळ भरभर पुढे सरकवला की फिरणारे यान चक्क थांबते! कोनीय संवेग गेला कुठे, असे वर्गात विचाराच.

स्थिरीकरणाची आणखी एक बाजू खेळात दिसत नाही, पण हिंगोली जिल्ह्यातील शिक्षकांच्या ती दाराशी आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. अशा वेधशाळेत सुमारे ४० किलोचा आरसा चार टप्प्यांच्या लोलकाला टांगतात. डोलणे शमवणारा जोर मुख्यतः सर्वांत वरच्या टप्प्यावर लावतात, कारण मापकातला गोंगाट त्या जोराबरोबर आरशापर्यंत उतरला तर शमवणारी यंत्रणाच आरसा हलवील.

एका दोऱ्याला एकाखाली एक दोन वजने बांधून टांगा. वरचे वजन घट्ट पकडले तर खालचे डोलतच राहते. वरच्याला नुसता हलका अडसर करत राहिलात, तर खालचेही हळूहळू शांत होत जाते.