कर्माजीव : ‘बृहज्जातका’तील उपजीविकाविचार आणि त्याचे आधुनिक वाचन

व्यवसायाची निवड करताना जन्मपत्रिकेचा आधार घेण्याची प्रथा सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर ज्योतिषाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न ‘नोकरी कधी लागेल?’ एवढाच नसतो. ‘कोणत्या कामात मन रमेल?’ असाही असतो. त्याला मिळणाऱ्या उत्तरामागे प्राचीन शास्त्राचे प्रामाण्य आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासावयाचे, तर ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो तो ग्रंथ मुळात कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

वराहमिहिराच्या (इ. स. सहावे शतक) ‘बृहज्जातका’तील दहावा अध्याय ‘कर्माजीव’ या नावाचा असून तो अवघ्या चार श्लोकांचा आहे. ‘आजीव’ म्हणजे उपजीविका. अध्यायाचा आरंभच ‘अर्थाप्ति’ या शब्दाने, म्हणजे धनप्राप्तीच्या उल्लेखाने होतो. लग्नापासून किंवा चंद्रापासून दहाव्या स्थानी रवी असता धन पित्याकडून मिळते, चंद्र असता मातेकडून, मंगळ असता शत्रूकडून, बुध असता मित्राकडून, गुरू असता भावाकडून, शुक्र असता स्त्रीकडून आणि शनी असता सेवकाकडून. काम कोणते, हा प्रश्न त्यानंतर येतो. लग्न, चंद्र व रवी यांपासून दहाव्या स्थानाचा स्वामी ज्या नवमांशात असेल, त्या नवमांशाच्या स्वामीवरून वृत्ती ठरते. रवीकडे तृण, सुवर्ण, लोकर व औषधे. चंद्राकडे शेती, जलोत्पन्न वस्तू व स्त्रियांचा आश्रय. मंगळाकडे धातू, अग्नी, शस्त्रे व साहस. बुधाकडे लेखन, गणित, काव्य व शिल्प. गुरूकडे ब्राह्मण, देव, खाणी व धर्मकार्य. शुक्राकडे रत्ने, रुपे, गाई व म्हशी. शनीकडे श्रम, वध, भारवहन आणि नीच मानलेली शिल्पे, अशी ही वाटणी आहे.

या यादीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिचे विभाजन मुख्यतः द्रव्ये, साधने व आश्रयदाते यांवरून केलेले आहे. कर्त्याच्या आवडीवरून नव्हे. ग्रंथकाराला मनुष्यस्वभावाचे भान नव्हते, असेही म्हणता येत नाही. राशींवरून शील सांगणारा स्वतंत्र अध्याय त्याच ग्रंथात आहे. तथापि शीलाचा धागा कर्माजीवाच्या नियमात गुंफलेला नाही. कर्त्याच्या पराक्रमाचा निर्देश येतो तो चौथ्या श्लोकात : बलवान रवी उच्चीचा असेल तर धन स्वतःच्या वीर्याने मिळते. म्हणजे स्वकर्तृत्व हीदेखील ग्रहस्थितीनेच दिलेली, आणि तीही एक विशेष, अवस्था होय.

यशाचे मापही व्यक्तिनिष्ठ नाही. आश्रययोगाच्या अध्यायात स्वराशीत असलेल्या ग्रहांची संख्या वाढत जाते तसे फळ वाढते. एका ग्रहाने मनुष्य कुलाच्या बरोबरीचा होतो, दोहोंनी कुलात मुख्य, तिहींनी आप्तांना पूज्य; पुढे धनी, सुखी, भोगी आणि सातांनी राजा. या मोजपट्टीचा शून्यबिंदू कुल हा आहे. वृत्ती बहुतांशी जन्माने ठरणाऱ्या समाजात हे स्वाभाविकच होते. कोणते काम निवडावे, ही चिंता ज्यांना निवडच नाही त्यांच्या शास्त्रात शोधणे म्हणजे कालविपर्यास होय.

हा विपर्यास सुलभ झाला तो ‘कर्म’ या शब्दामुळे. दशम स्थानाला वराहमिहिर ‘मेषूरण’ असेही म्हणतो. ही संज्ञा ग्रीक असून तिचा अर्थ ‘आकाशमध्य’ असा आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीनेही आपल्या फलज्योतिषग्रंथाच्या चौथ्या भागात व्यवसायविचार केला असून त्याचा शब्द ‘प्रॅक्सिस’, म्हणजे क्रिया, हा आहे. संस्कृत ‘कर्म’ शब्दाच्या पोटात मात्र क्रियेबरोबर पूर्वजन्मीच्या कृत्यांचे संचितही येते, आणि होराशास्त्र त्या संचिताचा परिपाक प्रकट करते, असे वराहमिहिर पहिल्याच अध्यायात सांगतो. आजचा वाचक या दोन अर्थांत तिसरा मिसळतो : अंतःप्रवृत्तीला अनुरूप असे जीवितकार्य. या तिसऱ्या अर्थाला कर्माजीवाध्यायात आधार सापडत नाही.

आधुनिक वाचनाची पद्धती साहित्यशास्त्राच्या परिभाषेत लक्षणेची आहे. वाच्यार्थाचा बाध झाला की संबंधित अर्थ घ्यावयाचा. गणितावरून संगणक बुधाकडे, शस्त्रावरून शल्यचिकित्सा मंगळाकडे जाते. परंतु काव्यातील लक्षणेला संदर्भाचे नियंत्रण असते. येथे ते नाही. शल्यचिकित्सक शस्त्रामुळे मंगळाचा, औषधामुळे रवीचा आणि श्रमामुळे शनीचाही ठरू शकतो. त्यातच लग्न, चंद्र व रवी या तीन आरंभबिंदूंवरून तीन वेगवेगळ्या वृत्ती निघू शकतात. निवडलेला कोणताही व्यवसाय मागाहून पत्रिकेत दाखवता येत असेल, तर पत्रिकेने निवडीला मार्ग दाखविला, असे म्हणणे निरर्थक ठरते.

अनुभवाची कसोटीही अनुकूल नाही. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या २०० पत्रिका जमविण्यात आल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांचा निवाडा केला, आणि अचूकतेची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवूनही सुमारे ५० टक्के आली असती. ही चाचणी बुद्धीची होती, व्यवसायाची नव्हे, हे खरे. परंतु बुद्धीतील एवढा ठळक भेद ज्या पद्धतीला ओळखता येत नाही, तिला आवडीचे सूक्ष्म भेद ओळखता येतील, हे सिद्ध करण्याचा भार तिच्या पुरस्कर्त्यांवरच राहतो.

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. ज्या घरात मुलीची इच्छा कुणी विचारीत नाही, तेथे ‘पत्रिकेत चित्रकला आहे’ या एका वाक्याने तिला वाट मोकळी होऊ शकते. हा लाभ खोटा नाही. परंतु तो नियमाचा नसून त्यानिमित्ताने घडलेल्या संभाषणाचा आहे. शिवाय ‘पत्रिकेत नाही’ हे वाक्यही तितक्याच अधिकाराने उच्चारले जाते, आणि त्याविरुद्ध दाद मागावयास जागा नसते.

काम आणि समाधान यांच्या संबंधाचा विचार मराठी परंपरेला अपरिचित नाही. सावता माळ्याचा मळा आणि गोरोबांचे चाक ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. तेथेही काम निवडलेले नव्हते. समाधान आले ते कामाकडे पाहण्याच्या दृष्टीतून. आजच्या विद्यार्थ्यापुढे, निदान तत्त्वतः, निवड आहे. धन कोणाकडून आणि कशातून येईल, एवढेच वराहमिहिराने सांगावयाचे ठरविले होते, आणि ती मर्यादा त्याने पाळली. ती ओलांडली आहे ती त्याच्या वाचकांनी. आणि ज्या स्वातंत्र्यामुळे हा नवा प्रश्न विचारता आला, तेच स्वातंत्र्य त्यांनी उत्तराच्या बदल्यात परत केले आहे.