चवीनुसार मीठ

आमच्या चिरंजीवांना परगावच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात दोन याद्या तयार झाल्या. एक त्यानं न्यायच्या सामानाची, दुसरी मी करायच्या कामांची. दुसऱ्या यादीत गादी, बादली, कुलूप यांच्या खाली हिनं लिहिलं होतं : ‘स्वयंपाकाचं पुस्तक. सोपं. नीट बघून आणा.’

बँकेत बावीस वर्षं व्हाऊचरं तपासणारा माणूस न बघता काही आणेल का? मी दुकानात तासभर उभा राहून पुस्तकांचं रीतसर ऑडिट केलं.

पहिलं पुस्तक गुळगुळीत कागदाचं. पानोपानी रंगीत फोटो. पदार्थ शेवटी बशीत कसा दिसतो ते त्यात कळतं. पण शिकाऊ माणसाला तो अर्ध्या वाटेवर कढईत कसा दिसतो ते हवं असतं. नेमका तेव्हाच फोटोग्राफर जेवायला गेला असावा. शिवाय सगळं प्रमाण सहा माणसांचं. खोलीवर मुलगे तीन आणि पातेलं एक!

दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी.’ अहो, ज्याला ‘नेहमी’ ठाऊक आहे तो पुस्तक कशाला विकत घेईल? पुढं, ‘शिजेपर्यंत शिजवावे.’ म्हणजे कर्ज फिटेपर्यंत हप्ते भरावेत! आणि शेवटी सगळ्यांचं लाडकं ‘मीठ चवीनुसार’. रक्कम कोरी ठेवून सही केलेला चेक आमच्या काउंटरवर कोणी घेत नाही. पाकशास्त्रात तो सर्रास वटतो.

जुन्या पुस्तकांचा मला आदर आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं, आणि त्यात हजार पाकक्रिया. पण तो खजिना झाला. नवशिक्याला सुटे पैसे लागतात. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापात बोलतं, म्हणून हिशेबाला ते मला अजून चोख वाटतं. तरी ते संसाराचं पुस्तक. ज्याला गॅस पेटवायचीच धास्ती, त्याला त्याआधीची एक पायरी हवी.

ही पायरी ओळखायची कशी? कांदेपोह्यांचं पान उघडावं. माझ्या हातातल्या तिसऱ्या पुस्तकात होतं, ‘पोहे भिजवून घ्यावेत.’ घरी आणून रविवारी मी स्वतःच प्रयोग केला. पातेलंभर पाण्यात पोहे भिजत घातले आणि पेपर वाचत बसलो. हिनं येऊन पातेल्यात डोकावलं. “अहो, खळ केलीत का?”

जाडे पोहे चाळणीत धुऊन नुसते निथळत ठेवायचे असतात, हे त्या लेखकानं गृहीत धरलं होतं. फोडणीत मोहरी तडतडल्यावरच हिंग-हळद टाकायची आणि हळद करपायच्या आत कांदा, हेही गृहीतच. चांगलं पुस्तक काय करायचं ते सांगतंच. पण काय बिघडेल आणि बिघडल्यावर काय करायचं, तेही सांगतं.

अखेर एक पातळसं पुस्तक मिळालं. फोटो नाहीत. ओट्यावर उघडं ठेवलं तर आपोआप मिटत नाही. मिठाबद्दल लिहिलंय, ‘अर्धा चमचा घाला, मग चाखून बघा.’ मला ते पटलं. चव यायलाही आधी एक आकडा लागतो.

निघायच्या आदल्या रात्री चिरंजीव म्हणाले, “बाबा, यात आजीची आमटी नाही.” आईची वही काढली. तिच्यात लिहिलेलं : ‘गूळ लिंबाएवढा, ओलं खोबरं माझी एक मूठ.’ लिंबं बाजारात मिळतात. ती मूठ सहा वर्षांपूर्वी गेली.

हिनं रात्री अकरा वाजता नारळ फोडला. तीनदा आमटी करून, चाखून, डोळे मिटून म्हणाली, “पाव वाटी. लिहा.” मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं. अक्षरी आणि अंकी, दोन्ही.

पंधरा दिवसांनी फोन आला. “बाबा, आमटी आजीसारखी नाही झाली. पण उरली पण नाही.”

शिल्लक शून्य. पण खातं चालू झालं.