साल्व्हातोर रोझाचा ‘दैत्यपात’

नेपल्सजवळच्या आरेनेल्ला गांवीं १६१५ सालीं जन्मलेला साल्व्हातोर रोझा हा चित्रकार होता, तसाच उपरोधिक काव्यें रचणारा कवीहि होता. त्यानें १६६३ सालीं काढलेल्या ‘दैत्यपात’ या मुद्राचित्राची गणना देवदैत्ययुद्धाच्या सरधोपट चित्रांत करणें आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम साधनाविषयीं. हाहि ताम्रपटच, पण आपल्या दानपत्रांहून निराळा. दानपत्र पटावरच वाचावयाचें. येथें पट केवळ छापण्यापुरता, व त्यावरील अक्षर उलटें. शिवाय रेषा छिन्नीनें खोदलेली नाहीं. लेपावर सुईनें ओरखडून उघडें पडलेलें तांबें तेजाबानें खाल्लेलें आहे. म्हणूनच खडकांच्या कडा व दैत्यांचे स्नायु एकाच वेगानें धांवतात. छाप सुमारें ७२ सेंटिमीटर उंच आहे. पुस्तकांतील लहान प्रतिकृतीवरून संग्राहकांनीं मत बनवूं नये.

वर मेघांत वज्रधारी ज्यूपिटर व इतर देव, खालीं कोसळत्या शिळांत चिरडलेले दैत्य. पण देव दूर व लहान. दैत्यांचीं अंगें मात्र आपल्या डोळ्यांसमोर येऊन पडतात. पाहणारास कोणत्या पक्षांत उभें केलें आहे, हें सांगावयास नको.

‘दैत्य’ हा शब्दहि आम्ही नाइलाजानें वापरतों. आपले देव व दैत्य एकाच कश्यपाचीं लेंकरें. हे ग्रीक महाकाय भूमीचे पुत्र, आणि त्यांचा पात आईच्याच अंगावर होतो. आपल्या पुराणांशीं खरें साम्य दुसरीकडे आहे. मर्त्याच्या साह्यावांचून देवांस हें युद्ध जिंकतां येणार नव्हतें, म्हणून हेराक्लीसास बोलाविलें, अशी कथा अपोलोडोरसाच्या नांवावरील ग्रंथांत आहे. दुष्यंत व मुचुकुंद वाचकांस आठवतीलच.

मुख्य वाद चित्रावर कोरलेल्या लॅटिन वचनाचा. पतन जड व्हावें म्हणूनच उन्नति दिली जाते, असा त्याचा आशय. त्यावरून हा गर्वहरणाचा पाठ वाटतो. परंतु तें वचन दैत्यांविषयीं नाहींच. क्लॉडियन कवीनें रुफिनसावर रचलेल्या निंदाकाव्यांतलें तें आहे. रुफिनस हा आर्केडियस बादशहाचा बलाढ्य मंत्री, ३९५ सालीं सैनिकांकडून मारला गेला. संदर्भ सोडून सुभाषित उचलण्याची खोड आम्हीं शाळेंत पुष्कळ वर्षें पाहिली. रोझानें मात्र हें जाणून केलें असावें, असें आमचें मत आहे. कारण दैत्यांस कोणीं चढविलें नव्हतें. ते पर्वतावर पर्वत रचून स्वतः चढले. चढविले जातात ते राजकृपेचे धनी. वचन त्यांस लागू पडतें, चित्रांतील चिरडलेल्या देहांस नाहीं. आणि उपरोधिक कवीचा नेम कोठें होता, हें या विसंगतींतूनच कळतें. म्हणून वचन कापून टाकलेली प्रत कितीहि स्वच्छ असली तरी आम्ही ती अपुरीच समजूं.