नियम कोठें असतो ?

पनवेलीस आमच्या शेजारीं एक तीन वर्षांची मुलगी आहे. परवांपरवांपर्यंत ‘मी केलं’ असें शुद्ध बोलणारी ही पोर अलीकडे ‘मी करलं’ म्हणूं लागली आहे. आई दटावते, पण आम्हांस त्या चुकींत प्रगतीच दिसते. ‘बसलं’, ‘उठलं’, ‘पडलं’ यांची रीत तिला आतां उमगली आहे. ही रीत तिच्या मनांत कोणत्या रूपानें असते ?

रूमेलहार्ट व मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं ‘पॅरलल डिस्ट्रिब्यूटेड प्रोसेसिंग’ या १९८६ सालच्या द्विखंडात्मक ग्रंथांत इंग्रजी भूतकाळाविषयीं हाच प्रश्न घेतला आहे. त्यांचें उत्तर असें कीं, नियम कोठेंच लिहिलेला नसतो. त्यांनीं गणकयंत्रावर रचलेल्या प्रतिकृतींत ४६० घटक धातूचा ध्वनि घेतात, ४६० घटक भूतकाळाचें रूप देतात, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशीं जोडणी असते. उत्तर चुकलें कीं जोडण्यांचा जोर किंचित् कमीअधिक करावयाचा, एवढेंच शिक्षण. ज्ञान या जोरांत सर्वत्र पसरलेलें असतें. अमक्या क्रियापदाचें ज्ञान अमक्या ठिकाणीं, असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. तरीहि यंत्र मुलासारखेंच आधीं बरोबर येतें, मग चुकतें, मग सुधारतें.

यांतील मर्म आम्हांस मान्य आहे. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं छापून निघालें; त्यापूर्वीं मराठी मुलें कांहीं अशुद्ध बोलत नव्हतीं. नियमाप्रमाणें वागणें निराळें व नियम सांगतां येणें निराळें, हा भेद ग्रंथानें प्रत्यक्ष प्रयोगानें दाखविला, हें त्याचें श्रेय.

परंतु पिंकर व प्रिन्स यांनीं १९८८ सालीं घेतलेले दोन आक्षेप आम्हांस रास्त वाटतात. यंत्रास प्रथम १० नित्याचीं, बहुतांशीं अनियमित क्रियापदें शिकविलीं, आणि मग एकदम ४१० घातलीं. त्याची चूक बरीचशी या मांडणींतून आली. दुसरें, यंत्रास ध्वनि कळतो, अर्थ कळत नाहीं. ‘निघायची वेळ झाली’ आणि ‘निघायला वेळ झाला’ हींच वाक्यें घ्या. शब्द तोच, ध्वनि तोच. पण अर्थाबरोबर लिंग बदललें. नुसत्या ‘वेळ’ या ध्वनीवरून हा भेद कोणती जोडणी काढणार ?

ग्रंथाच्या लेखकमंडळींतील हिंटन यांस २०२४ सालीं हॉपफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. पंथ फळास आला, यांत शंका नाहीं. शेजारची मुलगीहि लवकरच ‘केलं’ म्हणूं लागेल. पण पुढें एके दिवशीं ती विचारील, ‘करलं कां नाहीं ?’ स्वतःच्या ज्ञानाविषयीं प्रश्न करणारें हें ज्ञान कोणत्या जोडणींत राहतें, याचें उत्तर आम्हांस या दोन खंडांत सांपडलें नाहीं.