श्रेयांक साठतात, पण खपतात का?

मंडळी, आज ज्या मजकुराची चिकित्सा करायची आहे तो ग्रंथ नाही. तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा जुलै २०२१ चा विनियम आहे, 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चा. सरकारी विनियम म्हणजे कार्यालयातल्या बाबूंनी वाचायची चीज, असं आपण समजतो. पण ग्रंथ नीट वाचला नाही म्हणून कोणाचं वर्ष वाया जात नाही. विनियम नीट वाचला नाही तर जातं.

मजकूर थोडक्यात असा. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावे खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पंधरा तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. ऐकायला किती सोपं! पूर्वी टीसी, मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्रासाठी ज्यांनी खेटे घातले, त्यांना तर हे स्वप्नच वाटावं.

आमचा आक्षेप 'बँक' या शब्दापासून सुरू होतो. शंभराची नोट गोंदियाच्या गंज बाजारात चालते तशीच बालाघाटात चालते, कारण तिच्यामागे एकच वचन आहे. दुकानदाराला ती नाकारायची सोय नाही. श्रेयांकामागे असं वचन नाही. खातं श्रेयांक जपून ठेवतं. ते आपल्या पदवीत धरायचे की नाही, हे शेवटी घेणारी संस्था ठरवते. म्हणजे ही बँक नव्हे, गोदाम आहे. गोदामही उपयोगाचंच असतं, पण गोदामात माल पडून आहे म्हणजे तो विकला गेला, असं कोणी म्हणत नाही.

आपला जिल्हा धानाचा, म्हणून धानाचंच उदाहरण घेऊ. पोतं काट्यावर चढवलं की वजन कळतं. पण आत एचएमटी आहे की जाडा धान, हे मूठभर दाणे हातात घेऊनच बघावं लागतं. श्रेयांक हे वजन आहे. चार श्रेयांकांचं तर्कशास्त्र आणि चार श्रेयांकांचं नीतिशास्त्र काट्यावर सारखंच भरतं.

वैशेषिकांनी यावर फार बारीक विचार केला आहे. दोन वस्तू समोर असल्या तरी 'दोन' ही संख्या त्यांच्यात आपोआप नसते. 'हा एक, हा एक' असं एकत्र पाहणारी अपेक्षाबुद्धी लागते, तेव्हा द्वित्व उत्पन्न होतं. आणि ती बुद्धी सरली की द्वित्वही जातं! आमच्या विद्यार्थ्यांना हे शब्दच्छल वाटायचं. विद्यापीठाच्या समकक्षता समितीत मात्र ते अक्षरशः घडतं. इकडचे चार आणि तिकडचे चार मिळून आठ तेव्हाच होतात, जेव्हा कोणीतरी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहतो. तो माणूस बदलला आणि लेखी काही नसलं, की बेरीज पुन्हा पहिल्यापासून.

आता नकाशा बघा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण इथली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठातच राहिली. गोरेगावहून गोंदियाला, आमगावहून तिरोड्याला जाणाऱ्याचं विद्यापीठ बदलत नाही. त्याची अडचण बेताची. पण अर्जुनी मोरगावच्या माणसाला वडसा जवळ, गोंदिया लांब. २०११ पर्यंत वडसा, ब्रह्मपुरी सगळं एकाच विद्यापीठात होतं. मग गोंडवाना विद्यापीठ झालं, आणि रेल्वेची दोन-चार स्टेशनं ओलांडली की विद्यापीठ बदलू लागलं. उत्तरेला बाघ नदी ओलांडली की राज्यच बदलतं. मध्य प्रदेशाने नवं धोरण २०२१-२२ ला लागू केलं, आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ ला आलं. (भवभूतीचं पद्मपूर हेच आपल्या आमगावजवळचं, असं मिराशींचं मत होतं. तो विदर्भातून निघून कनौजच्या दरबारी मान्यता पावला. त्याला कोणी समकक्षता मागितली नसावी.)

समजा, अर्जुनीच्या एका मुलीची दोन वर्षं झाली. किमान हिशेबाने ८० श्रेयांक. लग्न ठरलं वडशाला. विनियमात आणखी एक अट आहे: पदवीचे निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतून मिळवलेले हवेत. १२० चे निम्मे ६०. म्हणजे तिच्या ८० पैकी ६० च धरता येतील आणि नव्या ठिकाणी ६० कमवावे लागतील. तिसऱ्या वर्षात मिळतात ४०. वीस कमी पडतात, म्हणजे एक सत्र वाढलं. तिचे वीस श्रेयांक खात्यात सुखरूप आहेत, फक्त कशाच्याही कामाचे नाहीत! तिने चार वर्षांची पदवी घेतली तर मात्र ८० आणि ८० चोख जुळतात. पण सासरी चौथं वर्ष मागण्याची तिची सोय असेल का?

अट मुळात चुकीची नाही. पदवीवर सही करणाऱ्याने विद्यार्थ्याला निम्मं तरी शिकवलेलं असावं, हे योग्यच. पण दहा ठिकाणी हिंडून पदवी जमवणारा आणि नाइलाजाने एकदाच गाव बदलणारी, दोघांना एकच माप लावलं आहे. आमचा राग तिथे आहे.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. अमेरिकेत तास मोजायची रीत रुजायला कार्नेगी प्रतिष्ठान बरंच कारणीभूत, आणि त्याचा मूळ हेतू होता प्राध्यापकांना पेन्शन देणं! (पेन्शनर म्हणून आम्ही यावर जास्त बोलत नाही.) तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली सांगितलं, की २००४ ते २००९ मध्ये संस्था बदललेल्यांचे अंदाजे ४३ टक्के श्रेयांक बुडाले. शतकभराच्या अनुभवानंतरची ही गत. युरोपात इरॅस्मस योजनेत मुलगा निघण्याआधीच विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था, तिघे एका करारावर सह्या करतात: हे विषय शिकशील, ते इथे असे धरले जातील. अपेक्षाबुद्धी आधी, प्रवास नंतर.

आपल्याकडे घाई का, तर २०२७-२८ ला नव्या रचनेतली पहिली तुकडी चौथ्या वर्षाला पोचेल. संशोधनासह ऑनर्सला ७५ टक्के गुण लागतात, आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शकही हवेत. देवरी-सालेकसासारख्या तालुक्यांत प्रत्येक विषयाला ते कुठून आणणार? मुलं बाहेर पडणारच. मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट न पाहता इथल्या प्राचार्यांनी वडसा, ब्रह्मपुरी, बालाघाटच्या प्राचार्यांसोबत बसावं, मेजर विषयांचे पेपर समोरासमोर ठेवावेत आणि कोणता कशाला धरता येईल ते लिहून आपापल्या विद्यापीठाकडे मंजुरीला पाठवावं. यादी सूचना फलकावर लावावी, प्रवेशाच्या आधी. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र एवढ्या तीन विषयांनी सुरुवात झाली तरी पुष्कळ. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी तसेही मोजकेच असतात.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करा.