भगवी पताका कृष्णधवल होताना

आषाढी जवळ आली की वारीची कृष्णधवल छायाचित्रं सगळीकडे दिसू लागतात. त्यांतली बरीचशी एकाच वळणाची असतात. आभाळ काळंकुट्ट, ढगांच्या कडा पांढऱ्याफटक आणि म्हाताऱ्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दगडात कोरल्यासारखी. कपाळावरचा बुक्का आणि गालावरची धूळ यांतला फरकही उरत नाही. यामागे कष्ट असतात, हे मान्यच आहे. दिवेघाटात गर्दीच्या आधी पोचून जागा धरणं सोपं नसतं. पण घरी आल्यावर एक तयार प्रीसेट लावला जातो, ‘क्लॅरिटी’ची पट्टी उजवीकडे ओढली जाते आणि चित्र झालं असं मानलं जातं. आजच्या कृष्णधवल छायाचित्रणातली सर्वांत मोठी उणीव मला इथे दिसते. कोणत्या वस्तूला कोणती करडी छटा द्यायची, हे छायाचित्रकार स्वतः ठरवेनासा झाला आहे.

बहुतेक डिजिटल कॅमेरे आधी रंगच टिपतात. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. या रंगीत फाइलचं सरधोपट ‘ग्रेस्केल’ केलं, तर सॉफ्टवेअर तीन रंग ठरीव प्रमाणात मिसळतं. रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ असतो. आता हिरव्या शेतातून चाललेली लाल लुगड्यातली बाई घ्या. लुगड्याचे लाल-हिरवा-निळा आकडे २००, ३०, ४० आणि शेताचे ४०, ११०, ४० असले, तर दोन्हींची करडी छटा ८१-८२च्या घरात येते. डोळ्यांना इतकी ठसठशीत दिसणारी बाई कागदावर शेतात विरून जाते.

म्हणून रंगांच्या पट्ट्या असतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये त्या आठ आहेत आणि प्रत्येक रंगाची करडी छटा त्यांनी वेगळी गडद किंवा फिकी करता येते. वारीच्या चित्रात खरी कसोटी लागते ती केशरी पट्टीपाशी. पावसाळी आभाळ पांढुरकं असतं, त्यावर भगवी पताका उठून दिसावी म्हणून ती गडद करायला जावं, तर वारकऱ्याचा चेहराही काळवंडतो, कारण आपल्या त्वचेचा रंगही केशरीच्याच पट्ट्यात येतो. उलट दिशेला गेलं की चेहरा उजळतो आणि पताका ढगात हरवते. मग पताका मास्कने वेगळी काढावी लागते, आणि ते करताना या चित्रात मुख्य काय, चेहरा की पताका, याचं उत्तर द्यावंच लागतं. माझ्या मते कृष्णधवलची कला या उत्तरात आहे.

जुन्या छायाचित्रकारांनी हे उत्तर शोधायला वर्षंच्या वर्षं दिली. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र १९४१ साली न्यू मेक्सिकोत टिपलं आणि पुढे काही दशकं ते छापत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांच्या फिकट रेघा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं झालं आहे. निगेटिव्ह एकच होतं, माणसाचा विचार पुढे सरकला होता. डार्करूममध्ये हाताच्या सावलीने केलेलं डॉजिंग-बर्निंग, म्हणजे चित्राचे भाग उजळ-गडद करणं, फोटोशॉपमध्ये त्याच नावांनी आलं. त्यामुळे संस्करण म्हणजे लबाडी, हा आक्षेप मला पटत नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्वचा नितळ केली जायचीच.

छायाचित्रकार सेबॅस्तियाओ सालगादो यांनी ‘जेनेसिस’ या छायाचित्रमालेचं काम अर्ध्यावर असताना फिल्म सोडून डिजिटल कॅमेरा घेतला. त्यांच्या फाइलींना ट्राय-एक्स फिल्मचा दाणा दिला जाई, त्यावरून पुन्हा मोठं निगेटिव्ह करून चांदीच्या कागदावर प्रिंट काढले जात. त्यांची काही आभाळं मला नाटकी वाटतात. पण तो नाटकीपणा त्यांचा स्वतःचा आहे, विकत आणलेला नाही.

वृत्तछायाचित्रणात मर्यादा कुठे, हे २०१० साली स्पष्ट झालं. छायाचित्रकार स्तेपान रुदिक यांचं वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतलं पारितोषिक रद्द झालं. मूळ रंगीत चित्र त्यांनी जबर कापलं होतं, कृष्णधवल केलं होतं, कडा गडद केल्या होत्या. आक्षेप घेतला गेला तो मात्र मागच्या एका माणसाचं पाऊल पुसल्यावर. निर्णय योग्यच होता. तरी त्या कापाकापीने आणि गडदपणाने चित्राचा अर्थ पावलापेक्षा कितीतरी जास्त बदलला होता, हे पंचांनी बोलून दाखवायला हवं होतं असं मला वाटतं.

साधनांबद्दल तक्रारीला आता जागा नाही. १४-बिट रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. चेहरा, आभाळ, कपडे वेगळे निवडणारे मास्क एका क्लिकवर मिळतात. पताकेला तिची छटा द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जास्त काळजी वाटते ती जुन्या चित्रांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फोटोच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे; म्हणूनच त्या लाल दिव्यात धुता येत. अशा प्लेटवर कुंकू काळं उमटतं, लाल शालू काळपट होतो, निळं आभाळ मात्र पांढरं पडतं. रंग भरणारी आजची एआय अ‍ॅप मुख्यतः आधुनिक रंगीत चित्रं करडी करून त्यांवर शिकलेली असतात. त्यांना पणजीचा शालू गडद दिसतो, म्हणून ती तो तपकिरी किंवा निळा रंगवतात. चेहरा ‘सुधारणारी’ अ‍ॅप तर याही पुढे जातात. मूळ प्लेटवर नसलेल्या पापण्या आणि दात ती नव्याने घडवतात. घरातली मुलं पुढे तोच चेहरा पणजीचा म्हणून ओळखू लागतात, आणि ही हानी कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी असे अल्बम आहेत, त्यांना विनंती आहे. चित्र ६०० डीपीआयवर, १६-बिट टिफ फाइलमध्ये स्कॅन करा आणि ती फाइल तशीच जपा. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर करा. रंगवलेल्या प्रतीवर ‘रंग संगणकाने भरले आहेत’ असं लिहा. आणि ज्यांना तो शालू अजून आठवतो, त्यांना त्याचा रंग आजच विचारून घ्या.